दंतवैद्य कोणी निवडावा?

'दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या काळी दाताच्या विम्याची कल्पनाही कोणाला नव्हती. तरीही वैभववाडीसारख्या गावी एखाद्याची दाढ रात्री ठणकू लागली, की सकाळी त्याला हीच म्हण नव्या अर्थाने आठवावी अशी आजची स्थिती आहे. जवळच्या दंतवैद्याकडे जावे तर विम्याच्या यादीत त्याचे नाव नाही. यादीत ज्याचे नाव आहे तो घाटापलीकडे कोल्हापुरास, नाहीतर मुलगा नोकरीस आहे त्या मुंबईत. मग घरात खल सुरू होतो. एक म्हणतो, पैसे मिळतात तिकडे जावे. दुसरा म्हणतो, हात चांगला आहे तिकडे जावे. आजीचा सल्ला ठरलेलाच असतो: दाढेखाली लवंग धर, आणि फारच दुखले तर काढून टाक.

हा प्रश्न घरगुती दिसतो, पण त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर नीट देता येत नाही. दंतवैद्य चांगला कोणता आणि त्याचे पैसे कोण देणार, हे मुळात दोन निराळे प्रश्न आहेत. गेल्या शतकात ते एकमेकांत असे गुंतले, की दुसऱ्याचे उत्तर मिळाले म्हणजे पहिल्याचेही मिळाले असे आपण समजू लागलो. विम्याची यादी हातात पडली, की चांगल्या वैद्यांची यादी हातात पडली असा आपला समज होतो. तो कोठून आला, आणि त्यात तथ्य किती, हे आज पाहावयाचे आहे.

दाताच्या वैद्यकाची परंपरा आपल्याकडे नवीन नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची जी नामावळी आहे, तीत 'दंतशंकु' हे दातावरील किटण खरवडून काढण्याचे शस्त्र सांगितले आहे. परंतु ग्रंथातील विद्या आणि गावातील व्यवहार यांत अंतर पडत गेले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावात दात काढून देणारा माणूस म्हणजे वैदू किंवा न्हावी. युरोपातही शतकानुशतके हे काम न्हाव्यानेच केले, तेव्हा त्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. त्या काळी वैद्याची निवड हा प्रश्नच नव्हता. दात काढणे हा एकच उपाय; तो करणारा माणूस एकच; आणि मोबदला पायलीभर भात किंवा चार आणे. जेथे उपाय एकच असतो, तेथे गुणाची तुलना कशाशी करणार? मनगटात जोर किती, एवढेच पाहावयाचे.

ही स्थिती पालटली ती दोन-तीन शोधांमुळे. १८४६ साली अमेरिकेतील मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे दाखविली. १८९५ साली राँटजेनला क्ष-किरण सापडले. १९०५ च्या सुमारास, दाताभोवतीचा भाग तेवढा बधिर करणारे नोव्होकेन हे औषध वापरात आले. यांचा एकत्रित परिणाम असा झाला, की दुखरा दात काढून टाकण्याऐवजी तो राखता येऊ लागला. आतील कीड पाहता येऊ लागली, रोग्याला न तळमळविता ती कोरता येऊ लागली, आणि मुळातील मेलेली नस काढून दात तसाच उभा ठेवता येऊ लागला. वैद्यावैद्यांतला फरक खरा जन्मला तो येथे. दात काढणे हे काही मिनिटांचे काम, तर दात राखणे हे दोन-तीन खेपांचे, धीराचे आणि कौशल्याचे काम. पहिले स्वस्त, दुसरे महाग. पुढील सर्व कथा या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून श्रोत्यांनी ती ध्यानात ठेवावी.

ही नवी विद्या हिंदुस्थानात रुजविण्याचा मान कलकत्त्याच्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्याकडे जातो. त्यांनी १९२० साली तेथे देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले आणि १९४५ साली सरकारी दंत महाविद्यालय. नायर रुग्णालयाच्या परिसराशी आपल्या जिल्ह्याचे नाते आहे. तेथील राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाला जे टोपीवाला हे नाव जोडलेले आहे, तेच नाव मालवणच्या टोपीवाला हायस्कुलावर आहे. कोकणातून मुंबईस गेलेल्या एका घराण्याचे धन शाळेला लागले तसे वैद्यकालाही लागले. परंतु या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे पदवीधर मूठभर, आणि देश अफाट. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्याचा जो अहवाल दिला, त्यात दंतवैद्यांच्या टंचाईचा निराळा विचार करावा लागला. हे भोर नाशिकचे, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता आपण १९४८ या वर्षाशी येतो. त्या वर्षी २९ मार्च रोजी दंतवैद्यांचा कायदा अमलात आला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १९ एप्रिल रोजी, कामगार राज्य विम्याच्या कायद्याला मंजुरी मिळाली. पहिल्या कायद्याने विचारले, दंतवैद्य म्हणावे कोणाला? दुसऱ्याने विचारले, आजारी पडलेल्या कामगाराचा खर्च सोसावा कोणी? दोन्ही प्रश्न योग्य होते आणि दोन्ही उत्तरे आपापल्या परीने चांगली होती. परंतु पहिल्या कायद्याच्या नोंदवहीत पैशाचा विचार नव्हता आणि दुसऱ्याच्या खतावणीत दाताला म्हणण्यासारखे स्थान नव्हते. एका वर्षी जन्मलेली ही दोन भावंडे निरनिराळ्या घरी वाढली, आणि त्यांची गाठ आजपर्यंत नीटशी पडलेली नाही.

दंतवैद्यांच्या कायद्याने प्रत्येक राज्यात नोंदवही ठेवण्याची व्यवस्था केली आणि तिचे दोन भाग पाडले. 'अ' भागात मान्य पदवी असलेले, आणि 'ब' भागात पदवी नसूनही पाच वर्षे वा अधिक काळ याच व्यवसायावर पोट भरीत आलेले. यात व्यवहारी शहाणपण होते. कलकत्ता-मुंबईसारख्या शहरांतील जुने चिनी दंतकारागीर आणि कोणा डॉक्टराच्या हाताखाली शिकून तयार झालेले मदतनीस यांना एका फटकाऱ्यात उपाशी मारणे न्याय्य नव्हते, आणि तेवढे पदवीधरही नव्हते. मात्र त्यानंतर नोंदीवाचून हा धंदा करण्यास मनाई झाली. रोग्याच्या हाती गुणाची पहिली खूण आली ती ही: दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेला नोंदणी क्रमांक. २०२३ साली संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, तरी नोंदणीचे हे तत्त्व त्यातही कायम आहे.

दुसऱ्या कायद्याची कथा आपल्या लोकांना अधिक जवळची आहे. कामगार विम्याची रूपरेषा प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ च्या अहवालात आखली. इंग्लंडातील सामाजिक विम्याचे जनक बेव्हरिज यांच्यावरून अदारकरांना कौतुकाने 'छोटा बेव्हरिज' म्हणत. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली, आणि १९५४ साली मुंबईस पोहोचली. मुंबईच्या गिरणगावात तेव्हा कोकणी माणूस किती होता, हे या श्रोतृवर्गाला सांगावयास नको. आपल्या पंचक्रोशीतील घरोघरचा कोणी ना कोणी साच्यावर किंवा खात्यात होता. पगारातून ठरावीक वर्गणी कापली जाई, मालक आपली भर घाली, आणि आजारपणात डॉक्टर, औषध व काही वेतन मिळे. ज्या माणसाने तोवर आजारपणात सावकाराचेच दार ठोठावले होते, त्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. तिचे मोल आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाही.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या योजनेतील एक व्यवस्था विशेष पाहण्यासारखी आहे. मुंबईत ती 'पॅनेल' पद्धतीने राबविली गेली. खाजगी डॉक्टरांची एक यादी करावयाची आणि कामगाराने त्यातील एकाकडे आपले नाव नोंदवावयाचे. डॉक्टरला पैसे मिळत ते तपासणीगणिक नव्हे, तर त्याच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर, दर डोई दर साल. 'पॅनेल' हा शब्द आणि ही रीत इंग्लंडच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यातून आलेली. आता मोबदल्याच्या पद्धतीचा वैद्याच्या हातावर कसा परिणाम होतो ते पाहा. डोईवर पैसे मिळू लागले, की नावे पुष्कळ आणि वेळ थोडा असे होण्याकडे कल जातो. कामागणिक पैसे मिळू लागले, की नको ते कामही निघण्याचा धोका उत्पन्न होतो. नुसता पगार असला, तर रांग लांबते. यांपैकी कोणतीही पद्धत दुष्ट नाही. प्रत्येकीत सज्जन डॉक्टर सज्जनच राहिले. पण यादीत नाव असण्याचा अर्थ 'या दराला हा डॉक्टर राजी आहे' एवढाच होता. 'हा डॉक्टर उत्तम आहे' असे यादी म्हणत नव्हती, म्हणू शकतही नव्हती. शिवाय पॅनेलवरील डॉक्टर हा सर्वसाधारण व्यवसायी. दाढेची नस काढणे हे काही त्याचे काम नव्हे.

या विम्याचा दुसरा गुणधर्म कामगारांना १९८२ नंतर कळला. त्या वर्षी १८ जानेवारीस गिरणी संप सुरू झाला, आणि पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. हजारो माणसे कोकणात परतली. विमा नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की वर्गणी थांबली, आणि वर्गणी थांबली की काही काळाने हक्कही थांबला. मुंबईत असताना कार्ड होते तेव्हा दाताकडे बघावयास सवड नव्हती, आणि गावी सवड मिळाली तेव्हा कार्ड उरले नव्हते. दात आणि चणे यांची जुनी म्हण एका संबंध पिढीच्या वाट्याला अशी आली.

इंग्लंडचा उल्लेख आला आहे, तर तेथील अनुभवही पाहू. १९११ च्या कायद्याने कामगाराला डॉक्टर दिला, पण दंतवैद्य दिला नाही. ज्या विमा-मंडळांकडे शिल्लक उरे, ती मंडळे जादा सवलत म्हणून दातांचा खर्च देत. त्यामुळे एकदाच खर्च होऊन जाणारा उपाय लोकप्रिय झाला: सर्व दात काढून टाकावयाचे आणि कवळी बसवावयाची. पुढे ५ जुलै १९४८ रोजी तेथे सर्वांसाठी मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा कवळ्यांच्या मागणीचा असा लोंढा लोटला, की सरकारचे अंदाज वाहून गेले. १९५१ साली कवळी आणि चष्मा यांवर आकार बसविण्याचे ठरले, आणि त्या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी निषेधार्थ मंत्रिपद सोडले. वरवर पाहता हा पैशाचा वाद होता. त्याच्या मुळाशी मात्र आपण वर सांगितलेली गोष्ट होती: पूर्वी दात राखण्यासाठी कोणी पैसे दिले नाहीत, म्हणून दात गेल्यावर कवळीसाठी सगळ्यांनाच द्यावे लागले.

मग विमा दाताच्या बाबतीत असा हात आखडता का घेतो? येथे विमेवाल्यांवर रागावण्यापूर्वी विम्याचे तत्त्व समजून घ्यावे. मालवण-देवगडच्या व्यापाऱ्याला हे तत्त्व सांगावे लागत नाही. गलबत बुडेल या भयाचा विमा उतरविता येतो, कारण शंभरांतले एखादेच बुडते, आणि बुडते तेव्हा मालकही त्याबरोबर बुडतो. पण दरसाल गलबत किनाऱ्यावर ओढून फटी बुजविण्याचा जो खर्च, त्याचा विमा कोणी उतरवीत नाही. तो खर्च प्रत्येकाला येतोच. दाताचे दुखणे या दुसऱ्या जातीचे आहे. ते बहुतेकांना होते, वारंवार होते, थोड्या थोड्या खर्चाचे असते, आणि पुष्कळदा सहा महिने पुढे ढकलता येते. म्हणूनच १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील चार विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला, तेव्हा तो रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चापुरता होता. अपघाताने जबडा दुखावला तर गोष्ट वेगळी. एरवी दंतवैद्याच्या खुर्चीत बसून करावयाची कामे बाहेर राहिली. अलीकडे खुर्चीतल्या उपचारांचाही काही भाग देणारे करार मिळू लागले आहेत, पण त्यांना वार्षिक मर्यादा असते, प्रारंभीचा प्रतीक्षाकाल असतो, आणि ठरलेल्या दवाखान्यांची यादी असते.

सरकारी योजनांचे स्वरूपही तेच आहे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ साली ती सर्व राज्यात आली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना निघाली, तीत कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मोडलेला जबडा, तोंडातील गाठ, कर्करोग यांवरील शस्त्रक्रियांना या योजनांत जागा आहे, आणि गरीब घराला तो फार मोठा आधार आहे. परंतु किडलेल्या दाढेत सिमेंट भरण्यास त्यांत जागा नाही. आमच्या कोकणात मशेरी लावणाऱ्या बायका आणि तंबाखू मळणारे पुरुष काही थोडे नाहीत. त्यांच्या तोंडातील पांढरा चट्टा एखाद्या चांगल्या दंतवैद्याच्या नजरेस वेळीच पडला, तर मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग पुष्कळदा टळतो. योजनेचा पैसा त्या शस्त्रक्रियेसाठी आहे. चट्टा पाहणाऱ्या डोळ्यासाठी ज्याने त्याने आपणच जावे लागते.

सीमेजवळ राहणाऱ्यांना या प्रश्नाचे आणखी एक अंग ठाऊक आहे. सावंतवाडी-दोडामार्गाकडील माणूस पूर्वापार उपचारासाठी गोव्यास जातो. बांबोळीस १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९८० पासून दंत महाविद्यालय आहे. १ जानेवारी २०१८ पासून तेथील वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरील रोग्यांना शुल्क लागू झाले, आणि दोडामार्गात त्यावर आंदोलन उभे राहिले. रोगी तोच, डॉक्टर तोच, रस्ता तोच. एका रात्रीत काही बदलले असेल तर 'पैसे कोणी द्यावयाचे' एवढेच. गुण आणि भरणा हे दोन प्रश्न किती निराळे आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

कोणी म्हणेल, परदेशात तरी हे कोडे सुटले असेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी १९५४ साली मालकांशी करार करून आपल्या मुलांच्या दातांसाठी निधी उभारला, आणि तेथील दंतविम्याचा वृक्ष या रोपापासून वाढला. आज त्या देशात साधारणपणे अशी रीत आहे, की दात साफ करण्याचा खर्च विमा पूर्ण देतो, दात भरण्याचा बराचसा, आणि टोपी बसविण्याचा निम्मा; त्यावरही वार्षिक मर्यादा असते. त्यामुळे तिकडे राहणारी आपली मराठी कुटुंबे सुटीवर आली, की पुण्या-मुंबईत दातांची कामे उरकून जातात. ज्या देशात दंतविमा जन्मला, तेथील विमेदार आपल्याकडे स्वखर्चाने दात नीट करून घेतो, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे. मात्र त्या गोदी कामगारांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी आरंभ मुलांपासून केला, आणि साफसफाईचा व तपासणीचा खर्च आधी उचलला. दात राखण्यास पैसे दिले, म्हणजे काढण्याचे पैसे वाचतात, हे त्यांनी ओळखले होते.

इतिहास एवढा पुरे. आता प्रश्न उरतो तो असा, की यादी गुण सांगत नसेल, तर गुण ओळखावा कसा? येथे आम्हांला आपल्या कोकणातीलच एक खटला मार्गदर्शक वाटतो. १९५३ च्या मे महिन्यात पालशेतच्या वाळवंटात एका तरुणाची मांडी मोडली. पालशेत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि तेव्हा आपलाही जिल्हा तोच होता. सिंधुदुर्ग निराळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्या तरुणाला सुमारे दोनशे मैल मोटारीने पुण्यास नेले, आणि तेथे उपचारांत तो दगावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६८ सालच्या निकालात न्यायालयाने सांगितले, की रोग्याबाबत डॉक्टरची तीन कर्तव्ये असतात: रोगी हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरविणे, कोणता उपचार करावा हे काळजीपूर्वक ठरविणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक करणे. खटला हाडाचा होता, पण आमच्या मते दंतवैद्य पारखण्यास याहून चांगली कसोटी नाही.

पहिले कर्तव्य पाहा. आपल्या आवाक्याबाहेरचे काम 'हे अमक्याकडे दाखवा' असे सांगून पुढे पाठविणारा दंतवैद्य कमी प्रतीचा नव्हे. तो वरच्या प्रतीचा समजावा. दुसरे पाहा. खुर्चीत बसविण्यापूर्वी तो मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांची चौकशी करतो का? दात काढण्यापूर्वी वा नस काढण्यापूर्वी क्ष-किरण छायाचित्र पाहतो का? दात राखता येईल का, आणि राखण्यास व काढण्यास काय पडेल, हे दोन्ही समजावून सांगून कागदावर लिहून देतो का? तिसरे पाहा. हत्यारे वाफेच्या यंत्रात निर्जंतुक होतात का? काम झाल्यावर पुन्हा दाखविण्यास बोलावतो का, आणि झालेल्या कामाची नोंद रोग्याच्या हाती देतो का? भिंतीवरील नोंदणी क्रमांक तर प्रथमच पाहावा. हे सर्व विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही आणि यात उद्धटपणाही नाही. चांगल्या कारागिराला आपले काम कोणी निरखलेले आवडते.

पैसे आपण देत नसलो तर विचारण्याचा अधिकार कोठला, असा संकोच काहींना वाटतो. तो निराधार आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हाच स्पष्ट केले, की खर्च विमा कंपनीने सोसला म्हणून ती सेवा फुकटची ठरत नाही. २००७ साली कामगार विम्याच्या रुग्णालयांनाही हेच तत्त्व लागू झाले. सारांश, पैसे कोणीही दिले तरी दात आपला, आणि जाब विचारण्याचा हक्कही आपला.

गुणाची पारख झाली, म्हणजे मग हिशेबाची वही उघडावी. आणि तो हिशेब पुरा करावा. समजा, दाढेच्या कामाला सहा हजार रुपये पडतात. जवळच्या दवाखान्यात ते सर्व आपल्याला द्यावे लागतील. यादीतल्या कोल्हापूरच्या दवाखान्यात विमा निम्मे देईल, म्हणजे आपले तीन हजार वाचले. पण खेपा तीन. प्रत्येक खेपेस दोन माणसांचे एसटीचे भाडे, बाहेरचे जेवण आणि एक दिवसाचा बुडालेला रोज मिळून नऊशे रुपये धरले, तर सत्तावीसशे झाले. उरले तीनशे, आणि विम्याचा हप्ता अजून धरलाच नाही. वर घाटाचा भरवसा नाही: २०२४ साली करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद राहिला, तेव्हा वाहतूक भुईबावड्यावरून आणि फोंड्यावरून फिरत होती. तिसऱ्या खेपेस जाता आले नाही, तर अर्धवट राहिलेली दाढ ही न केलेल्या दाढेपेक्षा वाईट.

याचा अर्थ जवळचा तेवढा चांगला, असा मात्र कोणी घेऊ नये. जवळच्याची पारख वरील तीन कसोट्यांवर उतरली नाही, तर स्वस्तातले काम दोनदा करावे लागते आणि शेवटी दात जातोच. काम अवघड असेल, तर नवे पारगावच्या किंवा बांबोळीच्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली, कमी खर्चात ते होऊ शकते. वेळ मात्र अधिक लागतो. आणि साध्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयाचे दार आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तेथे दंतवैद्याचा वार कोणता, हे विचारून ठेवणे म्हणजेही एक प्रकारचा विमाच. त्याला हप्ता नाही.

शेवटी एक गोष्ट गावाने मिळून करण्याची. विमा मोठ्या संकटासाठी ठेवावा, तो जरूर उतरवावा. पण दाताची डागडुजी ही आपल्यालाच करावी लागणार, हे एकदा मान्य केले, म्हणजे मार्ग दिसू लागतात. गोदी कामगारांनी जे केले ते वैभववाडीच्या शाळांना, बचत गटांना आणि मुंबईतील आमच्या ग्रामस्थ मंडळांना अशक्य नाही. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा मंडळाच्या खर्चाने एक नोंदणीकृत दंतवैद्य बोलवावा, शाळेच्या मुलांचे दात आणि मशेरी लावणाऱ्या आयाबायांची तोंडे तपासून घ्यावीत, आणि ज्यांना पुढे जावयाचे त्यांची नावे लिहून ठेवावीत. त्यात ना यादी आड येईल, ना घाट.

१९४८ साली तीन आठवड्यांच्या अंतराने जन्मलेल्या त्या दोन कायद्यांची गाठ दिल्लीत केव्हा पडेल ते पडो. घराघरांत ती आजच घालता येईल, आणि ती घालताना क्रम उलटू देऊ नये. दंतवैद्य निवडावा तो ज्याचा दात आहे त्याने. विम्याला विचारावयाचे ते इतकेच, की या निवडीत तुझा वाटा किती.